घास अडकतो का?

माहुलमध्ये कुणाला काहीही झालं की कारण आधीच ठरलेलं असतं: हवा. पोराचा खोकला हटत नाही, हवा. सुनेचे केस गळतात, हवा. अंगाची खाज, डोळ्यांची आग, रात्रीची उडालेली झोप, सगळं हवेच्या खात्यावर. मी इथे घरोघरी फिरणारी आरोग्य सेविका आहे आणि २०१७ पासून इथल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. त्यामुळे हवेबद्दल मला कुणी शिकवायला नको. पण माझ्या वस्तीतली साठीच्या आतबाहेरची काही माणसं अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेली, तेव्हाही शेजारीपाजारी हेच म्हणाले, आणि तिथे मात्र मी अडून बसते. घशाखाली उतरणाऱ्या वाटेचा हिशोब निराळा आहे. तो मिश्रीच्या डबीत आहे, माव्याच्या पुडीत आहे, क्वार्टरमध्ये, उकळत्या चहात आणि ताटात नसलेल्या भाजीत आहे. हे बोललं की माणसं दुखावतात. ‘ताई, तू कंपनीवाल्यांकडून बोलतेस का’ असं मला जिन्यात उभं करून विचारलेलं आहे.

म्हणून आधी हवेचं सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. चेंबूरच्या पलीकडे खाडीच्या अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या, खताचा कारखाना, वीजकेंद्र; त्यांच्या पोटात जुनं माहुल गाव आणि आंबापाडा; आणि कुंपणाला खेटून प्रकल्पग्रस्तांच्या ७२ इमारती. तानसा जलवाहिनीच्या काठची घरं पाडली तेव्हा घाटकोपर-विद्याविहारकडच्या आमच्यासारख्यांना इथे आणून सोडलं. आम्ही येण्याआधीच केईएम रुग्णालयाच्या लोकांनी इथे पाहणी केली होती. विचारलेल्यांपैकी ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं. त्या पाहणीचा आधार घेऊन राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये इथल्या लोकांच्या प्रकृतीला हवेपासून धोका आहे असं स्पष्ट म्हटलं. तरी दीड-दोन वर्षांत आमचे ट्रक इथे आले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की लोकांना इथे राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे राहायला महिना १५ हजार रुपये भाडं द्या. हे सगळं खरं आहे आणि यातला एक शब्दही मी खाली ठेवणार नाही.

पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या दूषित हवेला कॅन्सरचं कारण म्हणून यादीत घातलं ते फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी. अन्ननलिकेसाठी तिच्या यादीत जी नावं आहेत ती आपल्या घरातली आहेत. तंबाखू ओढलेली, तंबाखू चघळलेली, पान-सुपारी, दारू. या चौघांवर आता वाद उरलेला नाही. त्यांच्या मागे एका पायरीवर फार गरम पेयं उभी आहेत.

माझ्या वस्तीतल्या एका रंगाऱ्याचं सांगते. अंगाने काटक, वय पंचावन्नच्या घरात, बांबूच्या परांचीवर दिवसभर लोंबकळून काम करणारा. त्याची बायको एकदा सहज बोलून गेली की हल्ली यांना चपाती चहात बुडवून लागते. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, गणपतीपासून असेल. तेव्हा शिमगा जवळ आला होता. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी भाकरी बंद झाली, ‘कोरडी लागते’ म्हणून. मग चपाती चहात. मग भात, तो आधी मोकळा, मग आसट, मग डाळ ओतून कालवलेला. मटणाच्या दिवशी नुसता रस्सा. मध्ये तीन-चार महिने अॅसिडिटीची पाकिटं पाण्यात फेसाळून घेतली, कारण केमिस्टवाल्याने ‘पित्त आहे’ म्हणून सांगितलं होतं. वजन इतकं उतरलं की पॅंटीला सुतळी बांधायची वेळ आली, आणि घरात सगळे म्हणत होते, इथली हवाच अशी, अंगाला अन्न लागत नाही.

त्याला तोपर्यंत एकदाही कुणी विचारलं नव्हतं की घास अडकतो का. आणि त्याने आपण होऊन सांगितलं नाही, कारण त्याच्या लेखी तो आजार नव्हताच. ताटातलं अन्न थोडं पातळ झालं, एवढंच.

या आजाराचा कावा इथे आहे. अन्ननलिका सुमारे पंचवीस सेंटिमीटरची स्नायूंची लवचिक नळी. गाठ वाढायला लागली तरी नळी ताणून घास पुढे ढकलत राहते. वाट बरीच अरुंद झाल्याशिवाय तक्रार करत नाही. तोवर माणूस, म्हणजे खरं तर त्याला वाढणारी बाई, स्वयंपाक बदलून तिला मदत करत असते. शिवाय पोटाच्या, आतड्याच्या इतर भागांना बाहेरून जसं एक आवरण असतं तसं या नळीच्या बहुतेक लांबीला नाही, त्यामुळे आजार आजूबाजूला आणि गाठींमध्ये लवकर सरकतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे ५ लाख ११ हजार लोकांना हा कॅन्सर झाला आणि ४ लाख ४५ हजार लोक त्याने गेले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत यावरून काय ते समजावं.

रंगाऱ्याची दुर्बीण झाली, गाठ निघाली, परळच्या टाटा रुग्णालयाची वारी सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता? ‘थोडी.’ दारू? ‘कधी तरी.’ चहा? यावर तो हसला म्हणे. चहा काय, सगळेच पितात. मी त्याच्या घरी वर्षानुवर्षं जात होते. थोडी म्हणजे दिवसाला दोन पुड्या आणि कधी तरी म्हणजे पगाराच्या दिवशी क्वार्टर, बाकीचे दिवस जमेल तशी. तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे जे सगळे करतात त्याचं माप कुणी ठेवत नाही.

आता मिश्रीकडे येते, कारण माझा अर्धा दिवस तिच्याशी भांडण्यात जातो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून भुकटी करायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर दाताला लावायची, मग कामावर निघताना, मग दुपारी, मग झोपताना. सातारा-सांगली-कोकणातून आलेल्या बायका माझ्या इमारतीत भरपूर, आणि त्यांच्यातली मी पण. माझ्या सासूबाईंचं वाक्य ठरलेलं होतं: ‘दाताला लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई.’ याला त्या व्यसन मानत नसत. पुरुष खातो ती तंबाखू, बाई लावते ती मिश्री. दात दुखतो म्हणून सुरू केलेली असते आणि दात पडून गेले तरी हिरडीला चालू राहते. थुंकलं तरी लाळ पोटात जातेच, आणि तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची घातक रसायनं तिच्याबरोबर त्या पंचवीस सेंटिमीटरच्या वाटेने उतरतात. डॉ. प्रकाश गुप्तांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई शहरात ३५ च्या वरच्या जवळजवळ एक लाख लोकांना घरी जाऊन विचारलं होतं. पुरुषांमध्ये ६९ टक्के आणि बायकांमध्ये ५७ टक्क्यांहून जास्त तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते. बायकांची जवळजवळ सगळी बिनधुराची, आणि त्यात मिश्री पहिली. ज्या शहरात बाईच्या हातात सिगारेट दिसली की लोक वळून बघतात, त्याच शहरातला हा आकडा.

राज्यभराचं चित्र त्यानंतर सुधारलं, हेही सांगायला हवं. तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० च्या सर्वेक्षणात ३१.४ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये २६.६ वर आलं. मधल्या काळात, जुलै २०१२ मध्ये, गुटख्यावर बंदी आली. बंदीनंतर टपऱ्यांच्या दर्शनी माळा गेल्या. आता पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, मिसळायचं काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर. मावा तर टपरीवाला समोरच घोटून देतो. सुपारी, चुना, तंबाखू. तंबाखू न घालता नुसती सुपारी खाणारे स्वतःला वाचलेले समजतात. पण सुपारीला २००४ पासून स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवलेलं आहे.

यातलं काहीही नवं नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ मध्ये परळला सुरू झालं. तिथेच डॉ. वसंत खानोलकर, डॉ. संघवी आणि डॉ. राव यांनी रुग्णांच्या तंबाखूच्या सवयी तपासल्या आणि १९५५ मध्ये तोंड, घसा, अन्ननलिका या वरच्या अन्नमार्गाचा कॅन्सर आणि बिडी-तंबाखू यांचं नातं ब्रिटनमधल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. खानोलकर म्हणजे आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारे, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले. माहुलहून परळ बसने तास-सव्वा तास. हे ज्ञान तिथून निघून सत्तर वर्षं झाली, अजून आमच्या जिन्यापर्यंत पोचायचं आहे.

त्याच टाटा रुग्णालयातला नंतरचा एक अभ्यास मी कोळीवाड्यात नेहमी सांगते, कारण तो ऐकून तिथल्या बायका खूश होतात. १९९७ ते १९९९ या काळातल्या अन्ननलिकेच्या ४४२ पुरुष रुग्णांची तुलना हा आजार नसलेल्या १,६२८ पुरुषांशी केली होती. बिडी आणि दारू, दोन्हींमुळे धोका सुमारे १.८ पट, सिगारेटमुळे दुप्पट. खाण्याच्या पदार्थांमध्ये एकच गोष्ट उजवी निघाली: ताजी मासळी खाणाऱ्यांमध्ये धोका २० टक्क्यांनी कमी. ‘बघ, आम्ही सांगत होतो,’ असं एक म्हातारी मला म्हणाली आणि लगेच बोटाने डबीतली मिश्री घेऊन हिरडीला लावली. एका अभ्यासावर मासळीला औषध म्हणणं बरोबर नाही. मासळी रोज परवडणारा माणूस बाकीचंही बरं खात असेल, असाही त्याचा अर्थ असू शकतो. आणि माहुलच्या खाडीत आता ताजी मासळी किती मिळते हे कोळणींना विचारा. त्यातल्या कितीतरी जणी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल विकत आणून पाटीत भरतात. खाडीच्या काठावर राहून मासळी विकत आणायची, यात मात्र कंपन्यांचा वाटा आहे, आणि तो मी त्यांच्या खात्यावर लिहिते. आमच्या इमारतींमध्ये तर सुकट आणि जवळा. त्याला मी उगाच घाबरवत नाही. खारवलेल्या माशांना कॅन्सरकारक ठरवलं ते चिनी पद्धतीच्या, आणि तेही नाकामागच्या घशाच्या कॅन्सरसाठी.

याच अभ्यासात चहा पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांच्या चौपट धोका दिसला. हे सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. चहा! दोष पानाचा की तापमानाचा, हे त्या एका अभ्यासावरून ठरत नाही. पण पुढे दोन गोष्टी झाल्या. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संस्थेने ६५ अंशांच्या वरच्या पेयांना ‘बहुधा कॅन्सरकारक’ म्हटलं. कुठलंही पेय असो, मुद्दा गरमपणाचा. आणि इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार लोकांच्या मागे वर्षानुवर्षं राहून, त्यांच्या चहाचं तापमान प्रत्यक्ष मोजून, असं दिसलं की ६० अंशांच्या वरचा चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ ९० टक्क्यांनी जास्त. रोज तीच नाजूक कातडी पोळते, रोज भरून येते, पुन्हा पोळते. त्यावर तंबाखूची लाळ आणि रात्री दारू.

कटिंग आपल्याकडे घाईत प्यायची चीज आहे. सकाळची बस सुटायच्या आत, दोन फुंकरा मारून घशाखाली. गार झाला की चहावाल्याला शिव्या. जुनी माणसं बशीत ओतून प्यायची, आवाज करून, आणि आम्ही सुना त्यांना हसायचो. मोठ्या पसरट बशीत चहा बघता बघता कोमट होतो. या एका बाबतीत सासूबाई बरोबर होत्या. घरात बशी वापरा किंवा गाळल्यावर पाच-सात मिनिटं थांबा, ओठाला चटका बसता कामा नये. माझ्या सगळ्या सल्ल्यांपैकी हा एकच असा आहे की ज्याला एक पैसा लागत नाही आणि ज्याच्यामुळे कुणाचं काही हिरावलं जात नाही. तरी तो सगळ्यात कमी पाळला जातो, कारण थांबायला पाच मिनिटं लागतात.

इथे खरं दुखणं सुरू होतं. त्या पाच मिनिटांचं सांगते. माझ्या मजल्यावरच्या बायका घाटकोपरच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करतात, कारण आधी तिथेच राहत होत्या आणि कामाची घरं तिथलीच आहेत. त्यासाठी पहाटे उठून पाणी भरून, डबे करून, साडेसहाच्या बसला निघायचं. पोटात काय, तर गरम चहा आणि खारी. दुपारी मालकिणीकडे पुन्हा चहा. मिश्री लावली की भूक मरते, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. बाई चार वाजता घरी येते तोवर तिने सकाळपासून काय खाल्लं विचारलं, तर उत्तर येतं ‘चहा झाला’. संध्याकाळी बटाटा किंवा सुकट आणि भात. पालेभाजी आणायची तर वाशीनाक्यापर्यंत जायचं, किंवा गेटवर एखादी गाडी लागली तर तीच, आणि ती गाडी कधी उचलली जाईल सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी-फळं खा. पाच माणसांच्या घरात ती रोजची दोन किलो झाली. फळं-भाज्या कमी खाणाऱ्यांना हा कॅन्सर जास्त होतो, हे बहुतेक अभ्यासांत दिसलं आहे. माझ्या पिशवीतल्या पत्रकावर सफरचंदाचं चित्र आहे. ते वाटताना मी चित्राच्या बाजूला अंगठा ठेवते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. मी रक्तवाढीच्या गोळ्या वाटते, त्यामुळे मला तो दिसतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं. लोह फार काळ कमी राहिलं तर काहींच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदे धरतात, गिळायला त्रास होतो आणि त्या जागी कॅन्सरचा धोका वाढतो. डॉक्टरांना हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. मिश्री, उपाशीपोटी चहा आणि पांढरे पडलेले डोळे हे तिन्ही मला एकाच बाईत सापडतात. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, ही वर आणखी भर.

हा लेख सोसायटीत बसून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. या नळीच्या खालच्या टोकाला होणारा एक दुसरा प्रकार आहे, पाश्चात्त्य देशांत तो जास्त दिसतो. सुटलेलं पोट, रात्री उशिराचं भरपेट जेवण आणि वर्षानुवर्षं छातीत जळणं ही त्याची पूर्वतयारी. अॅसिडिटीची गोळी रोज खिशात असेल, तर कधी तरी दुर्बीण करून घ्या. आपल्याकडे मात्र अजून बहुतेक रुग्ण पहिल्या प्रकारचे, म्हणजे तंबाखूवाले.

आता माझं म्हणणं. एका बैठकीत, पाण्याच्या आणि वासाच्या तक्रारी घेऊन आम्ही गेलो असताना, टेबलापलीकडच्या एका साहेबांनी आम्हाला ऐकवलं: ‘आधी तुमच्या लोकांची व्यसनं बघा.’ त्या दिवसापासून मला कळलं की इमारतीतले लोक माझ्या मिश्रीवरच्या भाषणाने का चिडतात. त्यांना वाटतं, आपण तंबाखू कबूल केली की समोरचा हवा नाकबूल करणार. ही भीती अगदी बरोबर आहे. पण त्यापायी आम्ही आमच्याच घरातल्या डबीकडे डोळेझाक करतो आणि परळला फार उशिरा पोचतो. धापेचं कारण विचारलं तर धुराकडे बोट दाखवा, मीही दाखवेन. अडकलेल्या घासाचं कारण विचारलं तर डबी समोर ठेवा. दोन्ही एकाच माणसाला एकाच वर्षी होऊ शकतं, आणि एका कबुलीने दुसरी जबाबदारी संपत नाही. साहेबांना तंबाखूची एवढी चिंता असेल तर त्यांनी आमच्या गेटवर भाजीच्या गाड्यांना कायमची जागा द्यावी, घाटकोपरच्या दिशेने पहाटेच्या बस वाढवाव्यात आणि शाळेभोवती शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा २००३ चा कायदा एक दिवस तरी चालवून दाखवावा. दाताला लावायला मिश्री लागते ती दात दुखतो म्हणून. तर दातांचा डॉक्टर आठवड्यातून एकदा वस्तीत बसवा. अर्ध्या बायका तिथेच सुटतील असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण तो जिन्यांवरून चढून-उतरून केलेला आहे.

तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. मी तो नंबर दारामागे खडूने लिहून येते. एका दिवसात काही होत नाही. पण सोडलेल्याचा धोका वर्षागणिक उतरत जातो, हेही मी सांगते, कारण साठीतल्या बायका म्हणतात, आता सोडून काय फायदा.

सरकारची तिशीनंतरची कॅन्सर तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड या तिघांसाठी आहे. अन्ननलिका त्यात नाही, आणि सरसकट सगळ्यांची दुर्बीण करा असं मीही म्हणत नाही. ते होणारही नाही. पण घास अडकतो असं सांगणाऱ्या माणसाला पित्ताची पाकिटं न देता थेट दुर्बिणीच्या टेबलावर पाठवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. जवळच्या पालिका रुग्णालयात ती तपासणी शनिवारी-रविवारी मिळाली, तर रोजंदारीवरचा माणूस येईल. मधल्या वारी एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी, तो ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो.

माझ्या सर्व्हेच्या वहीत मी ‘घास अडकतो का’ या प्रश्नाचा एक रकाना हाताने आखून घेतला आहे, आणि आता मला एवढं समजलं आहे की तो पुरुषाला विचारायचा नाही. तो नाहीच म्हणणार. त्याच्या बायकोला विचारायचं, आणि तेही असं: भात पहिल्यासारखाच करतेस का पातळ करतेस? ती लगेच सांगते, तारखेसकट. पंचाईत बायकांची होते. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती शेवटी ओट्यापाशी एकटीच जेवते, त्यामुळे तिने भाकरी कधी सोडली आणि आमटीत भात कधी कालवायला लागली हे घरात कुणालाच माहीत नसतं, आणि ती स्वतः सांगायची नाही. तिथे मी मुलीला विचारते. मुलगी लग्न होऊन गेली असेल, तर शेजारणीला.